‘छापू नका’ या अटीवरच्या बैठका

राजकीय नेत्याने पत्रकाराशी बोलायचे, पण त्यातले काहीही बातमीत यायचे नाही, असे दोघांनी आधी ठरवले की त्या बोलण्याला ‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला ही पद्धत ‘खासगीत बोलताना’, ‘अनौपचारिक गप्पांमध्ये’, ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ अशा शब्दांतून परिचयाची झालेली असते. मुंबईतील मंत्र्यांच्या बंगल्यांवर ती चालते, तशीच पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगावातही चालते. अशा बैठकीला पत्रकाराने जावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पत्रकारांच्या घरातला वाटतो. प्रत्यक्षात तो वाचकाचा आहे, कारण न छापलेल्या प्रत्येक ओळीची किंमत शेवटी वाचकच मोजतो.

बोलण्याचे चार प्रकार

नेत्याचे बोलणे चार प्रकारचे असते. पहिला प्रकार उघड बोलण्याचा: नेत्याचे नाव आणि त्याचे शब्द दोन्ही छापता येतात. दुसऱ्यात माहिती छापता येते, पण नावाऐवजी ‘पक्षाच्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्याने सांगितले’ असे लिहावे लागते. तिसऱ्यात माहिती छापता येते, मात्र ती कोणी दिली याचा मागमूसही द्यायचा नसतो. पत्रकार ती स्वतःच्या जबाबदारीवर लिहितो. चौथा प्रकार खरा ‘ऑफ द रेकॉर्ड’: ऐकायचे, समजून घ्यायचे, छापायचे काहीच नाही.

लंडनच्या चॅटहॅम हाऊस या संस्थेने १९२७ मध्ये घालून दिलेला नियम या प्रकारांच्या मधला आहे. बैठकीत मिळालेली माहिती वापरायला मोकळीक असते. कोण बोलले आणि कोण हजर होते, हे सांगायचे नसते.

तालुक्याच्या ठिकाणी हे भेद फारसे पाळले जात नाहीत. नेता बोलता बोलता मध्येच ‘हे छापू नका बरं का’ म्हणतो आणि समोरचे सहा-सात जण मान डोलावतात. नेमके काय छापायचे नाही, आधीचे की नंतरचे, नाव वगळून छापले तर चालेल का, हे कोणीच विचारत नाही. पुढचे बहुतेक वाद याच संदिग्धतेतून निघतात. जाणत्या पत्रकारांचा संकेत असा, की अट बोलण्याआधी घालायची आणि दोघांनी ती मान्य करायची. बोलून झाल्यावर घातलेली अट पत्रकारावर बंधनकारक नसते.

जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न मोठा का

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे हे दोन तालुके राजकारणाने गजबजलेले आहेत. दिलीप वळसे पाटील १९९० पासून आंबेगावचे आमदार आहेत. विधानसभेचे अध्यक्षपद आणि राज्याचे गृहमंत्रिपद त्यांनी सांभाळले. शिरूर लोकसभा मतदारसंघात एकमेकांविरुद्ध लढलेले डॉ. अमोल कोल्हे आणि शिवाजीराव आढळराव पाटील हे दोघेही याच पट्ट्यातले, एक नारायणगावचे आणि दुसरे आंबेगावातील लांडेवाडीचे. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने, बाजार समित्या, पतसंस्था आणि शिक्षणसंस्था यांभोवती इथले अर्थकारण फिरते. या संस्थांचे नेतृत्व बहुतेक वेळा राजकीय नेत्यांकडेच असते.

पत्रकाराची अडचण इथून सुरू होते. तालुका वार्ताहराला पूर्णवेळ पगार क्वचित मिळतो. तुटपुंजे मानधन आणि त्याने मिळवलेल्या जाहिरातींवरचे कमिशन यांवर त्याची भिस्त असते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दिवाळी अंक, कारखान्याचा गळीत हंगाम, पतसंस्थेची वार्षिक सभा या निमित्ताने येणाऱ्या जाहिराती ज्यांच्याकडून मिळतात, त्यांच्याच कारभारावर त्याला लिहायचे असते. शहरातला राजकीय बातमीदार नेत्याच्या बैठकीला नकार देऊन दुसऱ्या नेत्याकडे जाऊ शकतो. तालुक्यात दुसरे दार कमी असते. बोलावणे नाकारले तर पुढच्या पत्रकार परिषदेचा निरोपही येत नाही, ही भीती खरी आहे.

बंद दाराआड ज्यांवर बोलले जाते ते विषयही लहान नसतात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पातील धरणे. त्यांचे पाणी जुन्नर-आंबेगावपासून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत जाते. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सोडायचे हे कालवा सल्लागार समितीत ठरते आणि त्यावर हजारो शेतकऱ्यांचे पीक उभे राहते किंवा जळते. डिंभे ते माणिकडोह बोगद्याच्या प्रस्तावावरून तर दोन जिल्ह्यांतले नेते समोरासमोर आले. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमुळे अडला आणि नव्याने आखण्याची वेळ आली. मार्ग कोणत्या गावांतून जाणार यावर जमिनीचे भाव ठरतात. जुन्नर वनविभागात बिबट्यांचे हल्ले हा जिवाचा प्रश्न आहे. या विषयांवर नेता खासगीत एक आणि जाहीर सभेत दुसरे बोलत असेल, तर शेतकऱ्याला त्यातले एकच ऐकू येते आणि पत्रकाराला दोन्ही.

गेल्या काही वर्षांचा धडा

खासगी बैठकांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते, की त्यामुळे आतली खरी माहिती मिळते. महाराष्ट्राच्या अलीकडच्या राजकारणाने या दाव्याची कठोर परीक्षा घेतली आहे. २२ नोव्हेंबर २०१९ च्या संध्याकाळी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचे शरद पवार यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी ठाकरे मुख्यमंत्री होणार अशी बातमी दिली. ती वृत्तपत्रे घरोघर पोहोचत असतानाच राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. वर्षानुवर्षे नेत्यांच्या बैठकांना बसणाऱ्या बातमीदारांनाही त्याचा सुगावा लागला नव्हता. जे नेत्याला खरोखर लपवायचे असते, ते तो खासगीतही सांगत नाही.

या तालुक्यांनीही असाच अनुभव घेतला. ३ जुलै २०२२ ला आढळराव पाटील यांची पक्षातून हकालपट्टी झाल्याची बातमी शिवसेनेचे मुखपत्र असलेल्या ‘सामना’त आली, ती अनवधानाने छापली गेल्याचा खुलासा पक्षानेच केला. पुढे आढळराव एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांनी अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत प्रवेश केला. २ जुलै २०२३ ला अजित पवार यांच्या शपथविधीला डॉ. कोल्हे राजभवनात हजर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण शरद पवार यांच्यासोबत असल्याचे जाहीर केले. जुन्नरचे तत्कालीन आमदार अतुल बेनके यांनी राष्ट्रवादीतील फुटीनंतर तटस्थ राहण्याची भूमिका घेतली होती. जुलै २०२४ मध्ये नारायणगावात त्यांनी शरद पवार यांची भेट घेतली, तेव्हा ते शरद पवार यांच्यासोबत जाणार अशी चर्चा रंगली. विधानसभा निवडणूक मात्र त्यांनी अजित पवार यांच्या पक्षाकडूनच लढवली आणि ती जागा अपक्ष शरद सोनवणे यांनी जिंकली.

अशा काळात ‘अमुक नेता वाटेवर’ या बातम्या मोठ्या प्रमाणात येतात. त्यांतल्या अनेक बातम्या नेत्याच्या किंवा त्याच्या विरोधकाच्या गोटातून सोडलेल्या पुड्या असतात. उमेदवारी मिळवण्यासाठी दबाव आणायचा, प्रतिस्पर्ध्याची चाचपणी करायची, कार्यकर्त्यांची प्रतिक्रिया अजमावायची, असे त्यामागचे हेतू असतात. २०२४ च्या निवडणुकीत आंबेगावचा निकाल दीड हजारांच्या आसपास मतांनी लागला. इतक्या अटीतटीच्या लढतीत नावाविना पेरलेली एक अफवाही निकाल फिरवू शकते. पुडी सोडणारा नामानिराळा राहतो आणि विश्वासार्हता जाते ती छापणाऱ्याची.

जाण्यात फायदा कोणता

तरीही खासगी बोलणे सरसकट त्याज्य मानता येणार नाही. धोरण ठरत असताना त्यामागची कारणे, अडचणी आणि पर्याय समजले तर बातमी अचूक होते. पाणीवाटपाचा पेच तांत्रिक असतो; कोणत्या धरणात किती साठा, कालव्याची वहनक्षमता किती, वरच्या आणि खालच्या तालुक्यांत आधी काय ठरले आहे, हे एखाद्या जाणकार लोकप्रतिनिधीने शांतपणे समजावून दिले तर बातमीदार चुकीचे मथळे टाळू शकतो. तणावाच्या प्रसंगी अफवा पसरू नयेत म्हणून प्रशासन आणि नेते काही माहिती थोडा वेळ रोखून धरायला सांगतात. त्यातही कधीकधी सार्वजनिक हित असते.

गुप्ततेची खरी गरज मात्र दुसऱ्याच कोणाला असते. गैरव्यवहाराची फाईल दाखवणारा कारकून, बदलीची टांगती तलवार डोक्यावर असलेला शिक्षक, संचालक मंडळाविरुद्ध बोलणारा सभासद, ठेकेदाराचे निकृष्ट काम सांगणारा मजूर यांचे नाव फुटले तर त्यांची नोकरी जाते, कधी जिवावर बेतते. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथील पत्रकार शशिकांत वारिशे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये वाहनाखाली चिरडून झालेला मृत्यू हा धोका किती खरा आहे ते सांगतो. तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादावर ते सातत्याने लिहीत होते.

नाव लपवण्याची सवलत दुर्बळाला बलवंतापासून वाचवण्यासाठी जन्माला आली. मंत्री, आमदार, खासदार किंवा कारखान्याचा अध्यक्ष ती मागतो तेव्हा उलटेच घडते. त्याच्या हाती आधीच सत्ता असते. गुप्ततेमुळे त्याला जबाबदारीतूनही सुटका मिळते. अशा बैठकीचे मूल्यमापन करताना ही एक कसोटी पुरेशी आहे: या गुप्ततेने कोणाचे संरक्षण होते?

मोठ्या बातम्या नेत्यांच्या दालनातूनच येतात असेही नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव दिसत नाही ही पहिली खबर दिली ती नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाने.

तोटा कुठे होतो

पहिला तोटा मौनाचा. बैठकीत कळलेली गोष्ट पत्रकाराला नंतर दुसऱ्या मार्गाने सापडली, तरी ती छापताना त्याची अडचण होते. शब्द मोडल्याचा आरोप येतो. चतुर नेते याचा उपयोग करतात. बाहेर येऊ घातलेली बातमी आधीच ‘विश्वासात घेऊन’ सांगितली की तिचे तोंड बंद होते.

दुसरा तोटा पडताळणीचा. खासगीत कानावर आलेली गोष्ट खरीच असणार, असे माणसाला वाटते. मराठी पत्रकारितेने याची किंमत आरंभीच मोजली आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्धच्या पत्रांवर विसंबून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिले. ती पत्रे पुढे बनावट ठरली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हेतू शुद्ध होता आणि धैर्य अपार होते, पण हाती आलेला गुप्त पुरावा खोटा निघाला.

तिसरा तोटा मिंधेपणाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांची अहमदनगरमधील एक ध्वनिफीत गाजली. निवडणुकीपर्यंत विरोधात बातम्या येऊ नयेत म्हणून पत्रकारांना चहाला बोलवा, धाब्यावर न्या, अशा आशयाचा सल्ला त्यात कार्यकर्त्यांना होता. पत्रकारांना सन्मानाने वागवा एवढेच सांगायचे होते, असे स्पष्टीकरण नंतर आले. पद्धत एका पक्षाची नाही. या प्रसंगात ती उघडपणे ऐकू आली इतकेच. त्याआधी २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांच्या लेखनातून ‘पेड न्यूज’चे स्वरूप समोर आले आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल तयार केला. जेवणावळ आणि जाहिरात या दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी जातात: लिहिताना हात आखडतो.

चौथा तोटा माहितीच्या गैरवापराचा. रेल्वेचा किंवा रस्त्याचा नवा मार्ग खासगीत कळला आणि तो छापायचा नाही असे ठरले, तर खोलीतल्या माणसांना जे ठाऊक आहे ते जमीनमालक शेतकऱ्याला ठाऊक नसते. त्या अंतरावर दलाल पोसले जातात.

इतर देशांत काय झाले

ब्रिटनमध्ये संसदेतील राजकीय बातमीदारांना पंतप्रधानांच्या कार्यालयाकडून नाव न देता माहिती देण्याची जुनी प्रथा होती. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘द इंडिपेंडंट’ने आणि त्यासोबत ‘द गार्डियन’ने त्या बैठकांवर बहिष्कार टाकला. पुढे १९९७ पासून ही माहिती पंतप्रधानांच्या अधिकृत प्रवक्त्याच्या नावे छापण्यास मुभा मिळाली. पत्रकारांनी ताठ भूमिका घेतली तर नियम बदलू शकतात, हे त्यातून दिसते.

अमेरिकेत मे २०१३ मध्ये ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी संपादकांना ‘ऑफ द रेकॉर्ड’ चर्चेला बोलावले. चर्चेचा विषय होता पत्रकारांच्या फोनच्या नोंदी सरकारने गुपचूप मिळवल्याचा वाद. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘असोसिएटेड प्रेस’ यांनी नकार दिला. काही संस्था गेल्या. टीका वाढल्यावर, बैठकीत काय झाले ते ढोबळपणे सांगण्याची परवानगी द्यावी लागली. जुलै २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे प्रकाशक ए. जी. सुल्झबर्गर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना अशाच अटीवर भेटले. नऊ दिवसांनी ट्रम्प यांनी स्वतःच ती भेट आपल्या शब्दांत जाहीर केली. सुल्झबर्गर एकटे गेले नव्हते आणि भेटीची टिपणे ठेवलेली होती; म्हणून त्यांना आपली बाजू तपशिलाने मांडता आली. गुप्ततेची अट दोघांवर असते. नेत्याने ती मोडली की पत्रकारही मोकळा होतो.

कायदा आणि संकेत

प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५ (२) नुसार चौकशीत कौन्सिल कोणत्याही पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगण्याची सक्ती करू शकत नाही. न्यायालयासमोर मात्र असे सरसकट संरक्षण कायद्याने दिलेले नाही. २७ ऑक्टोबर २०२१ च्या पेगॅसस प्रकरणातील आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचे संरक्षण वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी मूलभूत असल्याचे म्हटले आहे.

कौन्सिलच्या आचारसंहितेत या विषयावर स्पष्ट मार्गदर्शन आहे. विश्वासाने मिळालेली माहिती छापू नये, हा सर्वसाधारण नियम. त्याला दोन अपवाद: माहिती देणाऱ्याने नंतर संमती दिली तर, किंवा सार्वजनिक हितासाठी छापणे आवश्यक असेल आणि माहिती ‘ऑफ द रेकॉर्ड’ मिळूनही ती का छापली हे संपादकाने तळटीपेत स्पष्ट केले तर. म्हणजे शब्द पाळणे हे कर्तव्य आहे, पण ते लोकांच्या जिवापेक्षा आणि हक्कापेक्षा मोठे नाही. कौन्सिलचे अधिकार वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्था यांच्यापुरते आहेत. तालुक्यात वेगाने वाढलेली यूट्यूब वाहिन्यांवरची आणि व्हॉट्सॲप गटांवरची पत्रकारिता त्यांच्या कक्षेत येत नाही. तिथे स्वतःचा संयम हाच नियम.

मग करावे काय

नेत्याने बोलावलेल्या सामूहिक ‘छापू नका’ बैठकीला न जाणे हाच मूळ नियम असावा. पाच-दहा पत्रकारांना एकत्र बसवून नेता जे सांगतो ते गुपित नसते. ते पसरावे अशीच त्याची इच्छा असते. अशा वेळी पत्रकारांनी मिळून एकच मागणी करावी: जे सांगायचे ते नावानिशी सांगा.

एकट्याने भेटण्याचा प्रसंग आला तर काही पथ्ये पाळावीत. भेटीआधी संपादकाला कळवावे. बोलणे सुरू होण्यापूर्वी अट कोणती ते स्पष्ट शब्दांत ठरवावे आणि दुसऱ्या मार्गाने मिळालेली माहिती छापण्याचा हक्क राखून ठेवावा. भेट कार्यालयात, दिवसाउजेडी घ्यावी. जेवण, भेटवस्तू, प्रवास स्वीकारू नये. घरी येताच तारखेसह टिपण करावे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट कागदपत्रांवर आणि आणखी किमान एका स्वतंत्र माणसाकडून तपासावी. पाण्याचे आवर्तन, भूसंपादन, सार्वजनिक निधी आणि जीविताचा धोका हे विषय कोणत्याही अटीवर गुप्त ठेवण्याचे कबूल करू नये. एका नेत्याने दुसऱ्यावर केलेला आरोप नाव न देता छापू नये. आरोप करणाऱ्याने आपल्या नावानिशी उभे राहिले पाहिजे.

नेत्याच्या मर्जीला पर्यायही आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे ३० दिवसांत उत्तर मिळणे हा हक्क आहे आणि कलम ४ नुसार बरीच माहिती कार्यालयांनी आपणहून जाहीर करायची असते. ग्रामसभेचे ठराव, बाजार समितीचे लेखापरीक्षण, कारखान्याचा वार्षिक अहवाल, जलसंपदा विभागाचे धरणसाठ्याचे आकडे यांतून मिळालेली बातमी कोणाच्याही उपकाराखाली नसते.

जबाबदारी वृत्तपत्रांच्या मालकांवरही आहे. तालुका वार्ताहराला जगण्यापुरते मानधन न देता त्याच्यावर जाहिरातींचे उद्दिष्ट लादायचे आणि त्याच्याकडून निर्भीडपणाची अपेक्षा करायची, हे न्याय्य नाही. बातमी आणि जाहिरात या दोन कामांसाठी दोन वेगळी माणसे असणे ही पहिली सुधारणा ठरेल. वाचकानेही ‘सूत्रां’ची बातमी वाचताना दोन प्रश्न विचारावेत: ही माहिती बाहेर आल्याने कोणाचा फायदा झाला आणि तिला एखादा कागद, आकडा किंवा नाव यांचा आधार आहे का?

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. जुन्नर आणि आंबेगावातील पत्रकार संघटनांनी येत्या पत्रकार दिनी एक साधा ठराव करावा: सत्तेवरच्या किंवा सत्तेच्या दारातल्या कोणत्याही नेत्याच्या सामूहिक ‘छापू नका’ बैठकीला सभासद जाणार नाहीत आणि दुर्बळ माणसाचे नाव कोणत्याही दबावाखाली फोडणार नाहीत. हा ठराव पाळला गेला, तर कुकडीच्या पाण्यापासून बिबट्याच्या बंदोबस्तापर्यंत नेत्यांना जे बोलायचे आहे ते लोकांसमोर बोलावे लागेल.